जेटिंग (कार्ब्युरेटर)

इंजिनात जाणाऱ्या हवा-पेट्रोल मिश्रणाचे प्रमाण हवामानानुसार जुळवण्यासाठी कार्ब्युरेटरचे जेट, सुई व स्क्रू बदलण्याची किंवा फिरवण्याची क्रिया. डर्ट बाइक व टू-स्ट्रोक मोटरसायकलींत तिला विशेष महत्त्व आहे.

तत्त्व : एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा तापली की विरळ होते. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे भोक मात्र तेवढेच राहते. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडून मिश्रण दाट होते. थंडीत हवा घट्ट होते आणि मिश्रण विरळ पडते.

खानदेशातील परिणाम : दोंडाईचा (जि. धुळे) परिसरात मे महिन्यात पारा ४३° से.च्या आसपास चढतो, तर हिवाळ्यात पहाटे १०° से.पर्यंत उतरतो. या फरकाने हवेची घनता सुमारे १० टक्क्यांनी व मिश्रणाचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी बदलते. म्हणजे मेन (मुख्य) जेटच्या मापात एक-दोन नंबरांचा फरक. तापीकाठावरून सातपुड्यातील तोरणमाळला (सुमारे १,१५० मी.) चढताना हवेचा दाबही साधारण एक-दशांशाने घटतो आणि मिश्रण दाट होते. पावसाळी दमट हवेत बाष्पामुळे ऑक्सिजन किंचित कमी असल्याने परिणाम त्याच दिशेचा असतो.

जुळणी : ॲक्सिलरेटरची मूठ पाव भाग उघडेपर्यंत मुख्यतः पायलट जेट व स्क्रू, पुढे पाऊण भागापर्यंत सुई, त्यानंतर मेन जेट काम करतो. उन्हाळ्यासाठी लहान नंबरचा मेन जेट घालतात किंवा सुईची क्लिप एक खाच वर घेतात, म्हणजे सुई खाली बसते. एअर स्क्रू बाहेर काढला की मिश्रण विरळ होते; फ्युएल स्क्रूचे उलट. धुळीने चोंदलेला एअर फिल्टरही मिश्रण दाट करतो, म्हणून जेटला हात लावण्याआधी तो साफ करतात.

लक्षणे व धोके : प्लगवर काळी काजळी, धूर आणि जड पिकअप ही दाट मिश्रणाची, तर पांढुरका प्लग व तापणारे इंजिन ही विरळ मिश्रणाची खूण, फिकट तपकिरी प्लग योग्य. दाट मिश्रणाने पेट्रोल वाया जाते, विरळ मिश्रणाने पिस्टन जाम होऊ शकतो. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते. त्यामुळे उन्हाळ्यात केलेली जुळणी हिवाळ्यात तशीच ठेवणे हे उलट चुकीपेक्षा अधिक घातक ठरते.

सद्यःस्थिती : हीरो एक्सपल्स २०० (२०१९) सुरुवातीला कार्ब्युरेटर व फ्युएल इंजेक्शन अशा दोन्ही प्रकारांत मिळे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर नव्या मोटरसायकलींत इंजेक्शन रूढ झाले. त्यात हवेचे तापमान व दाब सेन्सर मोजतात. जेटिंग आता यामाहा आरएक्स १०० सारख्या जुन्या गाड्या आणि कार्ब्युरेटर असलेल्या स्पर्धेच्या गाड्यांपुरते उरले आहे.