श्रीखंडे यांचा अपवाद

कै. प्रा. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचें नांव आमच्या सुशिक्षित वाचकांस ठाऊक असलेंच, तर तें एका पराक्रमामुळें. ऑयलरनें १७८२ सालीं लॅटिन चौरसांविषयीं केलेलें अनुमान १७७ वर्षें टिकलें. तें १९५९ सालीं बोस, पार्कर व श्रीखंडे या त्रयीनें खोडून काढलें. परंतु नागपुरास शिकलेल्या या गणितज्ञानें त्याच सालीं एकट्यानें सिद्ध केलेली दुसरी गोष्ट आम्हांस अधिक मननीय वाटते.

बुद्धिबळाच्या पटाचा चार-चार घरांचा तुकडा घ्यावा. हत्ती एका चालींत ज्या दोन घरांमध्यें जाऊं शकतो, तीं रेषेनें जोडावीं. प्रत्येक घरास सहा शेजारी मिळतात, आणि कोणत्याहि दोन घरांस सामाईक शेजारी दोनच असतात. आतां प्रश्न असा कीं, हेच नियम पाळणारीं सोळा बिंदूंचीं जाळीं एकंदर किती? अन्य कोणत्याहि मापाच्या चौरस पटाविषयीं असाच प्रश्न केला, तर उत्तर ‘एकच’ येतें, असें श्रीखंडे यांनीं दाखविलें. चारच्या पटापुरतीं मात्र तीं दोन निघतात. त्यांतील दुसरें आज जगभर ‘श्रीखंडे आलेख’ या नांवानें ओळखलें जातें.

तें काढण्याची रीत सोपी आहे. पटाची डावी कड उजवीस व वरची खालचीस जुळवावी, म्हणजे मेदुवड्यासारखा पृष्ठभाग होतो. त्यावर प्रत्येक घर आडव्या, उभ्या व एका ठराविक तिरप्या दिशेच्या दोन-दोन शेजाऱ्यांशीं जोडावें. रेषा परस्परांस कोठेंहि छेदीत नाहींत. बिंदु १६, रेषा ४८ व त्रिकोणी क्षेत्रें ३२ होतात. सपाट कागदावर हें अशक्य. तेथें १६ बिंदूंमध्यें अशा रेषा फार तर ४२ मावतात.

आणि हत्तीचें जाळें? त्यांतहि बिंदु १६, रेषा ४८, त्रिकोण ३२. तथापि तें वड्यावरहि बसत नाहीं. बसावयाचें तर प्रत्येक बिंदूचे सहा शेजारी त्याच्याभोंवतीं एका अखंड सांखळींत गुंफले गेले पाहिजेत. हत्तीचे शेजारी तर तीन आडवे व तीन उभे अशा दोन तुटक गटांत असतात. मोजदादींत जीं दोन जाळीं तंतोतंत जुळतात, त्यांतील भेद पृष्ठभाग उघड करितो.

ऑयलरसारखा महागणिती थोड्या उदाहरणांवरून सर्वांविषयीं बोलला आणि फसला. श्रीखंडे यांनीं सर्वांविषयींचा नियम सिद्ध केला, आणि जेथें तो लागू पडत नाहीं तें एकमेव स्थळहि नेमकें दाखविलें. आमच्या शाळा-महाविद्यालयांत नियम पाठ होतात व अपवाद तळटीपेंत पडतात. या गणितज्ञाचें नांव आज जगाच्या पाठ्यपुस्तकांत ज्या आकृतीस जडलें आहे, ती तर एक अपवादच आहे, हें शिकविणारांनीं विसरूं नये.