न दाबलेली कळ

जत्रेच्या गर्दीत देवळाच्या पायरीवरून दिलेली हाक पालखीपर्यंत पोहोचत नाही. वाटेत उभा असलेला खणखणीत आवाजाचा एखादा सेवेकरी तीच हाक पुढे देतो आणि मग पालखी थांबते. संकटकाळच्या बिनतारी दळणवळणात ‘रिपीटर’ या यंत्राचे काम नेमके हेच असते. हातात बाळगावयाच्या संचाची शक्ती अल्प. डोंगर अथवा लोखंड-काँक्रीटच्या भिंती आड आल्या की आवाज विरतो. रिपीटर तो क्षीण आवाज एका लहरीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर जोराने सोडतो. आज तो पेटीत घालून टेकडीवर किंवा गच्चीवर नेता येतो व विजेरीवर चालतो. मात्र तो चालू कोणी करावयाचा, हा प्रश्न आम्हा कायद्याच्या माणसांना यंत्राहूनही महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये तो प्रश्न फार महाग पडला.

तेथील वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये २६ फेब्रुवारी १९९३ रोजी स्फोट झाला. सहा माणसे दगावली आणि उंच मनोऱ्यांत अग्निशमन दलाचे संच कामास येत नाहीत हे उघड झाले. म्हणून १९९४ साली पोर्ट अथॉरिटीने स्वखर्चाने तेथे रिपीटर बसविला. तो अहोरात्र चालू ठेवावा, अशी तिची सूचना होती. दलाचे म्हणणे निराळे पडले: शहराच्या त्या भागातील आमच्या इतर कामात त्याचा व्यत्यय येईल, तेव्हा गरज पडेल तेव्हाच तो लावावा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, हे कबूल केले पाहिजे. प्रारंभी तो लावण्याचे काम पोर्ट अथॉरिटीच्या पोलिसांकडे होते. इ. स. २००० च्या वसंतात दलाच्या मागणीवरून त्याच्या कळा प्रत्येक मनोऱ्याच्या तळमजल्यावर आल्या आणि जबाबदारी सर्वस्वी दलाची झाली.

११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी उत्तर मनोऱ्यावर विमान आदळले. ८ वाजून ५४ मिनिटांनी तेथील एक कळ दाबली गेली. कोणी दाबली हे चौकशीतही निश्चित झाले नाही. तिच्यामुळे हातातील संच रिपीटरवरून एकमेकांशी बोलू शकत होते. तळमजल्यावरील मुख्य संचावरून बोलण्यासाठी मात्र दुसरी कळ दाबणे आवश्यक होते. ती त्या सकाळी कोणीच दाबली नाही. ९ वाजून ५ मिनिटांनी अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली. मुख्य संचावरचा आवाज जाईना, आणि येणारा आवाजही ऐकू येईना; कदाचित ध्वनीची पातळी कमी ठेवलेली असेल. यंत्र बंद पडले असे समजून त्यांनी ते सोडून दिले.

यंत्र बंद नव्हते. दक्षिण मनोऱ्यात ओरिओ पामर हे अधिकारी त्याच लहरीवरून बोलत ७८ व्या मजल्यापर्यंत चढले. तेथली आग दोन नळांच्या पाण्याने आटोक्यात येईल, असे त्यांनी कळविले. थोड्याच मिनिटांनी, ९ वाजून ५९ मिनिटांनी, तो मनोरा कोसळला. त्या संभाषणाची ध्वनिफीत पुढे मिळाली. यंत्र चालत होते याला तिच्याहून बलवत्तर पुरावा कोणता?

उत्तर मनोरा १० वाजून २८ मिनिटांनी पडला. त्या दिवशी दलाचे ३४३ जण गेले. साहजिकच लोकांनी सारा दोष बिनतारी संचांवर टाकला. २००४ साली अहवाल देणाऱ्या चौकशी आयोगाने तसे केले नाही, आणि हा संयम आम्हांस अनुकरणीय वाटतो. उत्तर मनोऱ्यातील कित्येकांना बाहेर पडण्याचा हुकूम ऐकू आला होता. त्यांतले काही साहाय्य करीत मागे राहिले. काही सुट्टीवर असता धावून आले होते, त्यांच्याजवळ संचच नव्हता. संचांतील दोष हे एक कारण होते, परंतु बहुतेक मृत्यूंचे मुख्य कारण नव्हते, असा आयोगाचा निष्कर्ष आहे.

पुढे दलाने अधिक शक्तीचा, उचलून नेता येणारा ‘पोस्ट रेडिओ’ वापरात आणला. तो काटेकोर अर्थाने रिपीटर नव्हे. इमारतीत बसविलेल्या यंत्रावर विसंबून न राहता दलाचीच माणसे तो आपल्याबरोबर वर घेऊन जातात.