ज्यूट : टोळीपासून कादंबरीपर्यंत

‘ज्यूट’ हे डेन्मार्कमधील जटलंड द्वीपकल्पाशी निगडित असलेल्या प्राचीन जर्मानिक लोकसमूहाचे नाव असून, या लोकांनी ब्रिटनमध्ये येऊन केंट व वाइट बेटावर वस्ती केल्याचे बीड या इंग्रज मठवासी इतिहासकाराने आठव्या शतकात नोंदवले आहे. जेम्स जॉइस यांनी ‘फिनेगन्स वेक’ (१९३९) या आधुनिकतावादी, म्हणजे रूढ कथनरीती मोडणाऱ्या, कादंबरीत हेच नाव परक्या आगंतुकाला देऊन त्याची गाठ मट या स्थानिकाशी घातली. ही जोडी ‘मट अँड जेफ’ या अमेरिकी चित्रमालिकेचेही स्मरण देते. त्यांच्या अडखळत्या संवादात डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फ येथे परकीय व्हायकिंगांविरुद्ध झालेल्या १०१४ च्या लढाईचे पडसाद उमटत असल्याने, हा ज्यूट आयर्लंडवर चालून आलेल्या सर्वच परकीयांचा प्रतिनिधी ठरतो. तागाचे ‘ज्यूट’ हे इंग्रजी नाव मात्र बंगालीतून आले असून त्याचा या लोकांशी संबंध नाही.