तुरीची काठी आणि बंदुकीची दारू

१/८
आग्र्याहून सुटकेचा (१६६६) प्रसंग सांगताना आपण सहज म्हणतो, 'महाराजांनी औरंगजेबाच्या हातावर तुरी दिल्या.' तुरीचा इतिहासाशी संबंध एवढ्या वाक्प्रचारापुरताच असावा, असे वाटते. परंतु हे झुडूप दारूगोळ्याच्या इतिहासातही आहे. त्याविषयी हा धागा.

२/८
सोलापूर–धुळे महामार्गावरील तेरखेडा (ता. वाशी, जि. धाराशिव) हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. याच भागातील शेतांत तूर पिकते. फटाक्याची दारू आणि वरणाची डाळ यांचा एकमेकींशी काय संबंध? उत्तर तुरीच्या दाण्यात नसून तिच्या काठीत आहे.

३/८
आधी पिकाविषयी. तूर हे शेंगावर्गीय झुडूप मुळात बहुवर्षायू. आपण ते वर्षापुरते पेरतो. पेरणी मृगाच्या पावसावर, पूर्वी ज्वारीत, आता बहुधा सोयाबीनमध्ये. मुळे खोल जातात, मुळांवरच्या गाठींतील जीवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. पिवळा फुलोरा हिवाळ्याच्या तोंडी येतो. येळवशीच्या भज्जीत ओल्या तुरीचे दाणे पडतात ते याच हंगामामुळे.

४/८
हे पीक मूळचे भारतातलेच. अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथील उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे तुरीचे दाणे मिळाले. (हे तुळजापूर भवानीचे नव्हे!)

५/८
खळ्यावर तूर बडवली की दाणे बाजारात जातात, तुराट्या घरी राहतात. त्यांचे कूड उभे राहिले, कणग्या विणल्या गेल्या, चुली पेटल्या.

६/८
आता दारू. बंदुकीच्या दारूचे घटक तीन: सोरा, गंधक आणि कोळसा. कोळसा कोणताही चालत नाही. हलक्या, सच्छिद्र लाकडाचा कोळसा झपाट्याने पेटतो. युरोपात त्यासाठी विलो, अल्डर यांसारखी झाडे तोडत. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रजी दारू-कारखान्यांत तुरीच्या काठ्यांचा कोळसा वापरला जाई. बंगालमधील ईशापूरचा कारखाना त्यांपैकीच. तिथे १७९१ पासून दारू बनत होती.

७/८
हा पुरावा एकोणिसाव्या शतकाचा आहे. तो शिवकाळापर्यंत ताणू नये. मात्र दारूची धास्ती जुनीच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, गडावरील दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, अशी ताकीद आहे. कुटताना, चाळताना, वाहताना एक ठिणगी पुरेशी असते. ती जोखीम तेव्हा कारागिरांच्या वाट्याला होती, आज फटाका-कामगारांच्या वाट्याला आहे.

८/८
तोफांना नावे मिळाली, ती आपण पाठही करतो. त्या तोफांच्या पोटात गेलेला कोळसा कुणाच्या शेतातून, कुणाच्या भट्टीतून आला, हे क्वचितच विचारतो. युद्धाचा इतिहास रणांगणावर सुरू होत नाही. त्याची एक वाट खळ्यावरून जाते. पुढच्या वेळी बांधावर तुराट्यांचा ढीग जळताना दिसला, तर क्षणभर थांबा. आणि घरातल्या आजी-आजोबांना विचारा, तुमच्याकडे तुराट्यांचे काय काय करत? उत्तरे इथे जरूर लिहा. अशा आठवणी दप्तरांत सापडत नाहीत.