डच भाषेतील स्निग्ध पदार्थांची शब्दसंपदा
तेल, तूप, चरबी यांसाठीच्या डच शब्दांत नेदरलँड्सचा दुग्धव्यवसाय, समुद्र आणि पवनचक्क्या यांचा इतिहास साठला आहे. चरबीला सर्वसाधारणपणे ‘फेट’, तेलाला ‘ओली’ आणि लोण्याला ‘बोटर’ म्हणतात. साईपासूनचे अस्सल लोणी ते ‘रोमबोटर’. झान नदीकाठच्या पवनचक्क्यांत जवस व मोहरीवर्गीय बिया दळून तेल गाळत. जवसतेल म्हणजे ‘लैनओली’.

व्हेलच्या तेलाला ‘त्रान’ म्हणतात. याच उच्चाराचा शब्द अश्रूंसाठीही आहे. सतराव्या शतकात स्पिट्सबर्गनजवळ डच व्हेलशिकाऱ्यांनी चरबी कढवण्यासाठी वसवलेल्या ठाण्याचे नाव स्मेरेनबर्ग, म्हणजे चरबीनगर. यातील ‘स्मेर’ आज मुख्यतः वंगणाच्या अर्थाने उरला आहे.

सर्वांत मोलाची भर मार्गारिनने घातली. ओस गावच्या युर्गेन्स कुटुंबाने १८७१ मध्ये या फ्रेंच शोधाचे उत्पादन हाती घेतले. आरंभी त्याला ‘कुन्स्टबोटर’ (कृत्रिम लोणी) म्हणत. लोण्याच्या व्यापारातील फसवणूक रोखण्यासाठी १८८९ मध्ये कायदा झाला. निम्म्या स्निग्धांशाच्या मार्गारिनसाठी पुढे ‘हाल्व्हारिन’ हा जोडशब्द घडला. शेंगदाण्याच्या लोण्याला मात्र डच लोक ‘पिंडाकास’, म्हणजे शेंगदाण्याचे चीज म्हणतात.