आयफोन थ्रीजी : गुण, गैरसोयी आणि ग्राहकाचा धडा

नव्या स्मार्टफोनचे गुण पहिल्या आठवड्यात दिसतात. त्याच्या उणिवा कळायला महिना-दोन महिने जावे लागतात. भारतातील ग्राहकांना हा अनुभव ठळकपणे देणारा फोन म्हणजे अ‍ॅपल कंपनीचा आयफोन थ्रीजी. २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोन या कंपन्यांनी तो भारतात विक्रीस आणला. ८ जीबी क्षमतेच्या हँडसेटची किंमत ३१ हजार रुपये, तर १६ जीबीच्या हँडसेटची ३६ हजार १०० रुपये होती.

अमेरिकेत ८ जीबीचा हाच फोन १९९ डॉलरला मिळत असल्याने भारतातील किंमत ऐकून अनेकांचे डोळे विस्फारले. मात्र तेथील ग्राहकाला एटी अँड टी कंपनीशी दोन वर्षांचा करार करावा लागे आणि हँडसेटवर दिलेली सवलत मासिक बिलांतून वसूल होई. भारतात बहुसंख्य ग्राहक प्रीपेड असल्याने ही पद्धत रुजलेली नव्हती. त्यामुळे येथे पूर्ण किंमत मोजावी लागे. तरीही हँडसेट ज्या कंपनीकडून घेतला, तिच्याच सिमकार्डावर तो चाले.

काय आवडले?

आयफोनचे मोठे बलस्थान होते त्याचा साडेतीन इंची पडदा. तोवरच्या बऱ्याच टचस्क्रीन फोनचे पडदे दाब ओळखत. त्यांवर नखाने किंवा लेखणीसारख्या काडीने टोचावे लागे. आयफोनचा पडदा बोट टेकताच विद्युतभारात होणारा सूक्ष्म बदल टिपत असे. त्यामुळे हलका स्पर्श पुरे होई, शिवाय एकाच वेळी दोन बोटेही ओळखली जात. चिमटीने छायाचित्र लहान-मोठे करण्याची आज अंगवळणी पडलेली सवय याच तंत्राची देणगी होय.

सफारी ब्राउझरमुळे संगणकासाठी बनवलेली संकेतस्थळे फोनवर मूळ रूपात पाहता येऊ लागली. थ्रीजी मॉडेलमध्ये जीपीएसचीही सोय आली. जुलै २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅप स्टोअर’मुळे फोन संगणकाला न जोडताही नवी सॉफ्टवेअर थेट त्यावर उतरवता येऊ लागली.

तीन प्रकारच्या अडचणी

या फोनच्या उणिवांची यादीही लांब होती. मात्र त्या सगळ्या एका जातीच्या नव्हत्या.

पहिल्या उणिवा सॉफ्टवेअरच्या. एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवण्याची सोय या फोनमध्ये नव्हती. आलेला एसएमएस दुसऱ्याला पुढे धाडता येत नसे, एमएमएस पाठवता येत नसे. ब्लूटूथ असूनही मित्राच्या फोनवर गाणे किंवा छायाचित्र पाठवणे अशक्य होते. त्या काळी याहून स्वस्त फोनही ही कामे सहज करीत. १७ जून २००९ रोजी आलेल्या ‘आयफोन ओएस ३.०’ने यातील बऱ्याच उणिवा विनामूल्य दूर केल्या. विकत घेतलेला फोन वर्षभराने सुधारू शकतो, हा अनुभव अनेकांसाठी नवा होता.

दुसऱ्या उणिवा यंत्राच्या. बॅटरी फोनच्या आत बंदिस्त होती. ती उतरली की खिशातील दुसरी घालणे शक्य नव्हते. मेमरी कार्डासाठी जागा नव्हती. २००७ मध्ये बाजारात आलेल्या नोकियाच्या एन ९५ मध्ये ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, फ्लॅश आणि चित्रीकरणाची सोय होती. आयफोन थ्रीजीचा कॅमेरा मात्र २ मेगापिक्सेलचा व फ्लॅशविना होता. चित्रीकरणाची सोय अ‍ॅपलने २००९ च्या थ्रीजीएस या पुढच्या मॉडेलला दिली. या फोनची रॅम अवघी १२८ एमबी होती. परिणामी जून २०१० मध्ये आलेली ‘आयओएस ४’ ही प्रणाली त्यावर रखडत चाले. सप्टेंबरमधील ४.१ ने काहीसा दिलासा दिला आणि नोव्हेंबर २०१० मधील ४.२.१ ही या फोनला मिळालेली अखेरची आवृत्ती ठरली. सुधारणा देणारे सॉफ्टवेअरच जुन्या यंत्राला जड होते, हेही ग्राहकाला येथे कळले.

तिसऱ्या अडचणी भोवतालच्या परिस्थितीच्या, आणि भारतात त्याच अधिक जाचक ठरल्या. फोनच्या नावातच ‘थ्रीजी’ होते. पण तो विकणाऱ्या दोन्ही कंपन्यांकडे थ्रीजी सेवा नव्हती. एमटीएनएलने डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत ही सेवा सुरू केली. खासगी कंपन्यांसाठी रेडिओलहरींचा, म्हणजे स्पेक्ट्रमचा, लिलाव २०१० मध्ये झाला आणि एअरटेल व व्होडाफोन यांची थ्रीजी सेवा २०११ मध्ये आली. ज्या वेगासाठी पैसे मोजले तो उपलब्ध होईपर्यंत फोनचे सॉफ्टवेअर थांबलेले होते.

मराठी भाषकांची अडचण आणखी वेगळी होती. त्या काळी अनेक मराठी संकेतस्थळे युनिकोडऐवजी स्वतंत्र फॉन्ट वापरीत. तो फॉन्ट फोनमध्ये नसल्याने मजकुराऐवजी निरर्थक अक्षरे दिसत. आयफोनवर मराठी कळफलक आला तो २०१४ मध्ये, ‘आयओएस ८’ सोबत.

आजच्या खरेदीदारासाठी

ही कहाणी केवळ जुनी आठवण नव्हे. भारतात ५जी फोन २०२० पासून विकले जाऊ लागले, तर ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. म्हणजे आधी फोन आणि मागाहून जाळे, हा क्रम पुन्हा घडला. दुसरीकडे, सॉफ्टवेअरच्या आयुष्याकडे आता कायद्याचे लक्ष गेले आहे. युरोपीय संघाच्या २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार, एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे त्याला प्रणालीच्या सुधारणा उपलब्ध ठेवाव्या लागतात.

नवा फोन घेताना दिसलेली उणीव कोणत्या जातीची आहे, हे आधी ताडावे. सॉफ्टवेअरची असेल तर कंपनी किती वर्षे सुधारणा देणार, हे विचारावे. यंत्राची असेल तर ती फोनच्या अखेरपर्यंत सोबत राहणार, हे गृहीत धरावे. आणि एखादी सोय जाळ्यावर अवलंबून असेल, तर ते जाळे आपल्या गावात, आपल्या घरात आज पोहोचले आहे का, हे पाहूनच तिच्यासाठी जादा पैसे मोजावेत.