करोडगिरी ते कस्टम : कळांचा परभणीपर्यंतचा प्रवास

परदेशातून कळफलक मागवण्याचा छंद आता जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचला आहे. संगणकासोबत मिळणाऱ्या साध्या कळफलकाहून ही वस्तू वेगळी. इथे प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र स्विच असतो. चेरी कंपनीचा १९८०च्या दशकातला ‘एमएक्स’ स्विच या साऱ्याचा मूळपुरुष. त्याच्या लाल जातीत बोट दोन मिलिमीटर खाली गेले की अक्षर उमटते, चार मिलिमीटरवर तळ लागतो. हौशी माणूस स्विच चीनमधून मागवतो, कळांवरच्या टोप्या जर्मनीतून, सांगाडा आणखी कुठून. अनेकदा आधी मागणी गोळा होते, पैसे भरले जातात आणि मगच माल घडतो. महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते.

ही चैन नवी वाटते, पण समुद्रापलीकडची वस्तू जकात भरून परभणीत येणे जुनेच आहे. १९४८पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि संस्थानाची जकात वेगळी होती. तिला करोडगिरी म्हणत. १८०२च्या व्यापारी तहाने तिची मर्यादा शेकडा पाच ठरवली होती. मुंबई बंदरात उतरलेल्या मालाला ब्रिटिश हिंदुस्थानची जकात लागे, पुढे संस्थानाच्या हद्दीत करोडगिरी. मनमाडला रुंद रूळ सोडून गोदावरी खोऱ्यातल्या मीटरगेजवर माल चढायचा, तेव्हा तो इकडे यायचा. टंकयंत्रालाही दुसरी वाट नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५५ साली गोदरेजने देशी टंकयंत्र बाजारात आणले. पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ही यंत्रे निघाली आणि तालुक्याच्या गावांतून टंकलेखन संस्था उभ्या राहिल्या. तीस आणि चाळीस शब्दांच्या वेगाची प्रमाणपत्रे म्हणजे कारकुनीच्या नोकरीचा दरवाजा. मीही परभणीत अशाच बाकावर शिकलो. त्या यंत्रावर मराठी उच्चाराने लिहायची नसून आकाराने रचायची असे. ‘कि’ लिहायचे तर आधी वेलांटी, मग क. अर्धे अक्षर टिपून पुढे काना जोडला की कित्येक अक्षरे पूर्ण होत. कागदावर दिसणाऱ्या क्रमाने बोटे चालत. ही विद्या डोक्यात नव्हे, बोटांत राहते. चाळीस वर्षांनंतरही जुने टंकलेखनिक टेबलावर बोटे आपटून पूर्ण वाक्य ‘लिहून’ दाखवतात, पण अमुक अक्षर कुठे आहे असे विचारले की अडखळतात.

संगणक आले आणि कळेखाली रबराची पातळ चकती आली. कळफलक स्वस्त झाला, पण कळेचे उत्तर मुके झाले. दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या काउंटरवर ‘टीव्हीएस गोल्ड’ तेवढा टकटकत राहिला, कारण त्यात चेरीचे निळे स्विच होते. माझ्या मते आजचा हौशी माणूस जे हजारो रुपये मोजून विकत घेतो, ते काही नवे सुख नाही. टंकलेखन संस्थेत महिन्याच्या फीमध्ये मिळणारे, बोटाला उत्तर देणारे यंत्रच तो परत मागतो आहे.

जकातही परतली आहे. पाच हजार रुपयांपर्यंतच्या परदेशी भेटवस्तूंना असलेली माफी डिसेंबर २०१९मध्ये गेली. राखी आणि जीवरक्षक औषधे यांना तेवढी सवलत राहिली. करोडगिरीच्या नाक्यावर निदान माल समोर उघडला जाई. आता आकारणी दूरच्या शहरात होते आणि आकडा टपालासोबत दारी येतो.

मात्र खरा प्रश्न पैशांचा नाही. इतक्या जकाती भरून आलेल्या टोप्यांवर बहुधा रोमन अक्षरेच असतात. देवनागरीचा अधिकृत आराखडा आपल्याकडे आहे : इन्स्क्रिप्ट. १९८०च्या दशकात तो घडला, १९९१च्या ‘इस्की’ मानकात त्याला स्थान मिळाले. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे अशी त्याची मांडणी. कळफलकावर ज्या दोन कळांना चाचपडण्यासाठी उंचवटा असतो, त्यांवर तर्जनी टेकल्या की डावीखाली ऱ्हस्व वेलांटी येते आणि उजवीखाली र. आराखडा शहाणा आहे, पण तो साऱ्या भारतीय लिप्यांसाठी एकच केला. त्यामुळे मराठीला पदोपदी लागणारा ‘ळ’ शिफ्टच्या आड गेला. शाळा, काळ, डोळा, खुद्द ‘कळ’ हा शब्द, सगळीकडे दोन बोटे लागतात.

टंकयंत्रावर अक्षराची जागा कारखाना ठरवी, संगणकावर मानक ठरवते. या छंदातल्या बऱ्याच कळफलकांत मात्र कोणती कळ काय नोंदेल हे मालक स्वतः बदलू शकतो. म्हणजे ज्याने ‘ळ’ला हाताशी घ्यायचे ठरवले, त्याला परवानगी मागावी लागत नाही. छंदाचे हे अंग आपल्याकडे अजून कोणी फारसे हाताळलेले नाही. ते करायचे तर मराठीत कोणते अक्षर किती वेळा येते याची गणती हवी, आणि ज्यांच्या बोटांत जुने यंत्र अजून जिवंत आहे त्या टंकलेखनिकांशी बोलणेही हवे. राज्यात टंकयंत्रावरची परीक्षा बंद झाली आहे. त्या बाकांवर शिकलेली पिढी आता साठीकडे निघाली आहे. गणती पुढेही करता येईल. त्या बोटांना विचारायचे ते आताच विचारायला हवे.